हायड्रेंजियाची हजामत

अहो, चाळीस वर्षं लोकांची डोकी भादरली मी! असल्या न्हाव्यासमोर ते पिंजारलेलं झाड ठेवायचंच कशाला? आता यात माझं काय चुकलं, सांगा! हायड्रेंजिया म्हणे! कोबीच्या गड्ड्याएवढे निळे गुच्छ, तेही वर्षातून दोनदा! बायकोनं हौसेनं आणलं नि लगेच थोरल्या बहिणीला आवतण… "पहिला बहर बघायला येच गं ताई!" ही ताई म्हणजे, तुम्हाला सांगतो, देवानं नाक दिलंय तेच मुरडायला!

थंडी सरता सरता बघतो तर नुसत्या वाळक्या काटक्या! घेतली दुकानातली जुनी कात्री, मागं बारीक, कानांवर मोकळं… असा झकास कट मारला, की झाडाला आरसा दाखवायचा तेवढा राहिला!

बायको बाहेर आली नि किंचाळलीच. म्हटलं, "बकरी शिरली होती."

"बकरी? आणि कल्ले सारखे करून गेली?"

झालं! निघाली आमची वरात नर्सरीत. नर्सरीवाला कपाळाला हात लावून म्हणतो, "आजोबा, पहिला बहर त्या जुन्या काटक्यांवरच येतो हो! आत कळ्या झोपलेल्या असतात, झोपेतच उडवल्यात!"

आता यात माझं काय चुकलं? गिऱ्हाईक झोपलं म्हणून आम्ही कापायचं थांबतो का?

"दुसरा बहर नव्या फुटीवर येईल," तो म्हणाला. "मुळाशी पालापाचोळा घाला, ओल ठेवा, आणि कृपा करून हात लावू नका!"

बायकोनं कात्री कुलपात टाकली. ताईला कळवलं, "झाड जरा आजारी आहे, मागाहून ये." मी मुकाट्यानं पाणी घालतोय, पण हात असे शिवशिवायचे… एकदा तर पेपरवाल्याची मिशी… जाऊ दे, वाढेल ती!

आणि आला हो! एकच गुच्छ, पण काय निळा! बायको हातातला चहा विसरून बघतच राहिली. डोळे भरले तिचे. माझ्याही डोळ्यात काहीतरी… कचरा गेला असेल.

ताई आली. चष्मा पुसला, गुच्छ न्याहाळला, नाक मुरडलं.

"फूल बरंय गं. पण झाड केवढं माजलंय! कापत नाही का कुणी?"

मी बायकोकडं बघतोय… आणि ही बया, पापणी न लववता, म्हणते, "सांगून सांगून थकले गं ताई! हे जागचे हलतील तर शपथ!"

मी हात जोडले. म्हटलं, "चुकलंच ताई."