म्हैस दुसरी, चंद्रा तीच

गड्यांनो, आमच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या गोठ्यात म्हैस कुठलीही येऊ दे, नाव चंद्राच. गेल्या महिन्यात मी गावी गेलो होतो, तवा तासगावहून जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले, तर चंद्राच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्यांच्या जुन्या नोंदीशी जुळेना.

"आबा, ही म्हैस दुसरी आहे."

"म्हैस दुसरी हाय. चंद्रा तीच हाय!"

मी पडलो प्रोग्रॅमर, मला लय आनंद झाला. म्हटलं, "आबा, आमच्या कोडमध्येबी अस्संच! जुना डेटा बदलायचा न्हाई. नवा करायचा आन् जुन्याचं नाव त्याला द्यायचं."

"मग जुन्याचं काय हुतं?"

"त्याला कुणी हाक मारंना झालं, की कॉम्प्युटर आपोआप पुसून टाकतोय."

तवापासनं रोज सकाळी आबांचा फोन येतो, "काम काय न्हाई रं. नुसतं एकदा 'आबा' म्हण."