सात नंबरची पेशंट

चहा घ्या गं आधी, मग सांगते. परवा आमच्या हॉस्पिटलात नर्सेससाठी ट्रेनिंग होतं. सारखी दुसऱ्यांची दुखणी बघून आपलं मन कसं बधिर होतं, ते पुण्याहून सोलापूरला आलेल्या एक मॅडम समजावत होत्या. माझ्या शेजारी हाडांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज मंगलताई बसलेल्या. त्या म्हणाल्या, "आमाला तसलं काय होत न्हाय मॅडम. सवय झाली की."

तेवढ्यात त्यांच्या वॉर्डातून फोन आला. आता आपण पेशंटला बेडच्या नंबरानंच ओळखतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"सात नंबर? रडतीय? रडू दे, तिचं रोजचंच हाय. सलाईन संपलं की दुसरं लाव," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मॅडमनी हळूच विचारलं, "सात नंबरला कोण आहे?"

"म्हातारी हाय एक, खुब्याचं हाड मोडलंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "आई हाय माजी."

मी हबकलेच. मंगलताईंनी माझा दंड घट्ट धरला आणि विचारलं, "मी आत्ता फोनवर काय बोलले गं?"