विहीणबाईंचं बुकिंग

आम्ही मखमलाबादकडचे, भाजीपाल्यावाले. कोथिंबीर, मेथी, शेपू, जुड्या बांधायच्या न् नाशकात नेऊन विकायच्या, ह्यातच माझी सासू गेली न् मीबी म्हातारी झाले. समुद्र मी पोराचं लग्न होईस्तोवर बघितला नव्हता, आन् आता समुद्राकाठी आमचा बंगला हाय म्हणलं तर हसाल तुम्ही.

रस्त्यात वावर गेलं, त्याचे पैसे आले, तर पोरगा प्रशांत म्हणाला, आई, श्रीवर्धनकडं बंगला घेऊ, लोकं सुट्टीला येत्यात, भाड्यानं देऊ, आपलंबी जाणंयेणं होईल. जाणंयेणं कसलं हो, सुट्टी आली की गिऱ्हाईक, आपण जावं तर भाडं बुडतं. वास्तुशांतीनंतर घरातल्या कुणाचं पाऊल पडलं नाय तिथं. तिथलीच एक बाई सुनंदा ठेवलीय, ती चाव्या देते, झाडलोट करते. बुकिंग मोबाईलवर येतं, ते मीच बघायची. लय हौस मला. भाजीवालीला उरलेला माल बघवत नाय, तसा मला रिकामा दिवस बघवंना.

आता सांगते ते सांगायची लाज वाटते, पण ऐका. माझी लेक वैशू निफाडला दिलीय. तिची सासू लय सरळ बाई. दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला, विहीणबाई, सगळ्यांना समुद्र दाखवावा म्हणते, जमंल का तुमच्याकडं? आता लेकीच्या सासरकडून भाडं घ्यायचं का? तिच्या घरी नुसता चहा घेतला तरी आपण पोरांच्या हातावर काही ठेवून उठतो. न् फुकट द्यावा तर ऐन दिवाळीचं भाडं जातं. मी म्हणाले, अगं बाई, सगळं फुल्ल झालं हो. ती म्हणाली, असू द्या, चांगलंच हाय की. मग दोन-तीन दिवसांनी त्याच तारखांना कुणा मुलाच्या नावानं बुकिंग आलं, मी खुशीत घेऊन टाकलं.

ते लोक निघायच्या सकाळी सुनंदानं फोटो पाठवला. पांढऱ्या चादरीवर ही एवढी हळद, पार गादीपर्यंत उतरलेली. डाग पडला की डिपॉझिटमधून दंड कापतो आम्ही. मी त्या मुलाला फोन लावला न् सुटलेच, पलंगावर बसून जेवता का, घरी असंच करता का, आईबापानं काही वळण लावलं का नाय. तो मधीमधी तिथल्या कुणाला मामी मामी म्हणून हाका मारत होता. मग कुणीतरी त्याच्याकडून फोन घेतला न् हळू आवाजात म्हणालं, विहीणबाई, मी बोलते.

आवाज ओळखला मी, वैशूची सासू. ती म्हणाली, चादरीचे घ्या कापून, आमच्याकडूनच झालं. तुमच्या वैशूचा पाय खडकावरनं सरकला, टाच चिरली, रक्त थांबंना म्हणून हळद दाबली मी, तशीच झोपली बिचारी. भाच्याच्या नावानं बुकिंग केलं, तुम्ही आमच्याकडून पैसे घेतले नसते ना, म्हणून.

फुल्लचं नावबी काढलं नाय तिनं. न् मी काय केलं ठाऊक हाय? नाय नाय, दंड कसला, एवढंच म्हणाले न् फोन ठेवला. पोरीचा पाय कसा हाय, हे विचारायचं सुचलंच नाय मला. आई हाय मी तिची.

मग निफाडला गेलो, मी न् मालक. भाड्याचे पैसे परत पुढं केले, ते तिनं हातात घेतले नाय. पुरणपोळी वाढली, ओटी भरली. वैशू लंगडत वाढत होती, माझी मान वर होईना. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बंगला चालू हाय अजून. बुकिंग आता सून बघते, मी त्या मोबाईलला हात लावत नाय. परवा वैशूचा फोन आला, आई, चार दिवस यायचं म्हणते, चालंल ना गं? पहिली अशी कधी विचारायची नाय, पिशवी घेऊन दारात उभी राहायची. मी म्हणाले, ये की, विचारतेस काय. देव तिच्या सासूला उदंड आयुष्य देवो. न विचारता जावं असं पोरीला तेवढं एक तरी घर हाय.