क्रीमची थापी

बेकिंगच्या सामानाच्या दुकानात नर्सबाई कागदी कपांचं पाकीट घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक म्हातारे गवंडी आणि त्यांची लेक होती. दुकानदाराने चवीला दिलेला कपकेक दोघांनी अर्धा अर्धा घेतला होता.

"कसा आहे, बाबा?"

"मऊ आहे. पण तुझ्या हातची चव नाही."

"माझा कधी खाल्लात तुम्ही?"

"तू बाजारात गेलीस की डबा उघडतो."

"आणि केक कमी झाले की मी माझ्या धाकट्याला बोलते!"

"बोलतेस खरी. पण चांगली नोकरी सोडून कसले केक थापतेस, असं मीच म्हणालो होतो. मग मागू कुठल्या तोंडाने?"

"दोन वर्षं चोरून खाताय?"

"चॉकलेटचे फार झकास होतात गं. हे काय, छोटी थापी?"

"क्रीम पसरायची सुरी. नवीन आलीये."

"पातं छान लवतंय. तुझ्या क्रीमला कडेला लाट येते, ठाऊक आहे? मनगट वळवतेस तू. गिलाव्यासारखा हात सपाट फिरवायचा."

"शिकवाल मला?"

"चाळीस वर्षं भिंती गुळगुळीत केल्या. एवढासा केक काय भारी आहे?"

"मग घेऊ ही?"

"दोन घे. मला ती जाड मुठीची."

जाड मुठीची मागच्या फळीवर होती. लेक रांगेकडे बघत घुटमळली.

"जा तुम्ही दोघं," नर्सबाई म्हणाल्या, "मी नंबर धरते."