मालकाचं वजन

माझं म्हायेर वडवणीकडचं, दिलं इकडं कड्याच्या अंगाला. दोन्हीकडं मेंढरंच. कळायला लागल्यापसून एकच बघितलं, कोकराच्या पाठीवर हात फिरवायचा, मास लागलं का बघायचं, लागलं की घरात आनंद. आमचे मालक तर कोकरू नुसतं उचलून वजन सांगायचे, काट्यावर घातलं तरी तेवढंच भरायचं, खोटं न्हाई सांगत.

त्याच मालकाला दोन पावलं चाललं की धाप लागाया लागली. शेरातले डॉक्टर म्हणले, हुरदय लई कमजोर झालंय, अंगात पाणी साठतं. घरी वजनकाटा दिला. रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की, च्याच्या आधी, काट्यावर उभं ऱ्हायचं आन आकडा फोनात भरायचा, तिकडं दवाखान्यात सिस्टरबाई बघती. ती म्हणली, मावशी, मीठ कमी करा, आन दोन-तीन दिसात वजन दोन किलो वाढलं तर ते मास न्हाई, पाणी हाय, लगेच कळवा. म्या हो म्हणलं. काय सांगू तुमाला, कानानं ऐकलं, पर मनाला कुठं पटतंय?

मालक अळणी खाईनात. ताट सरकवायचे, म्हणायचे, ह्यापरीस मेंढराची पेंड बरी. माणूस पार वाळून गेलता, मला बघवंना. म्या मीठ घालून पिठलं केलं, वर खारातली मिरची दिली. रोज पोटभर जेवाया लागले. चवथ्या दिशी काटा दोन किलोनं वर. मालक हासले, बघ म्हणले, अंगी लागाया लागलं. मलाबी बरं वाटलं, आन भ्यावबी वाटलं, सिस्टरबाई मिठाचं इचारंल म्हणून. मग म्या आदल्या दिसाचाच आकडा भरला. दुसऱ्या दिशी तोच, तिसऱ्या दिशीबी तोच. तिकडून फोन आला, छान हाय मावशी, असंच ठिवा. हो बाई म्हणलं. जीभ कशी झडली न्हाई माझी!

तवर चपला पायात जाईनात. एक दिस जेवताना भाकर हातात तशीच ऱ्हायली आन मालक नुसतं तोंड वासाया लागले. गाडीत घालून नेलं. सिस्टरबाईचे पाय धरले, सगळं खरं सांगितलं. ती रागावली न्हाई, म्हणली, मावशी, मला इथून तेवढा आकडाच दिसतो. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता घरी आणलेत. आडवं पडता येत न्हाई, घोंगड्याच्या गठुड्याला टेकून बसत्यात. डॉक्टर म्हणले, हुरदय आणखी खचलंय. आज सकाळी काटा परत किलोभर वर. ह्या बारीला खराच आकडा भरला. मालकानी इचारलं, किती गं? सांगितलं. तर म्हणत्यात, बाजाराला काढायजोगं झालं बघ तुझं मेंढरू. म्या म्हणलं, गप बसा, असलं वंगाळ बोलू नका, आन चुलीपशी जाऊन रडले.

जल्मभर बिरोबाला एकच मागितलं, जितराबाच्या अंगावर मास चढू दे. आता मालकाचं वजन उतरू दे म्हणून हात जोडते, देवबी म्हणत आसंल, बाई येडी झाली. सिस्टरबाईच्या फोनची वाट बघत बसलेय. तुमी पण जाता जाता एवढं म्हणा बाबा, उद्या काटा खाली येऊ दे.