कापितोलिनाच्या घराभोवतीचा भुसा

प्रोखोर लुकिच झाबोलोत्नी, वय ७४, धंदा सुतारकाम, राहणार वेर्ख्न्याया गोरा, पिनेगा नदीकाठ. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो ते असे:

आल्याबरोबर मी लेफ्टनंटसाहेबांच्या आईचे गुडघे, बायकोचा खोकला आणि धाकटीचे दात यांची चौकशी केली. सगळे बरे आहे म्हणाले. हे लिहायची गरज नाही असेही म्हणाले. मी म्हणालो, बोललो ते सगळे लिहा.

माझी शेजारीण कापितोलिना येगोरोव्ना एकटी राहत होती. तिच्या जुन्या ओंडक्यांच्या घराची दुरुस्ती आम्ही दोघांनी उन्हाळाभर केली. कुजलेला खालचा ओंडका बदलला. फळ्यांची जमीन भिंतीला मिळते तिथल्या फटींत शेवाळ ठासले. थंडी आत शिरू नये म्हणून बाहेरून भिंतीच्या पायाशी फळ्यांची पेटी ठोकून तीत लाकडाचा भुसा भरला. ती म्हणाली, "लुकिच, यंदा हिवाळ्यात मी अनवाणी नाचते की नाही बघ!" मी म्हणालो, "आधी चहा टाक, मग नाच."

पहिला बर्फ पडल्यावर एका सकाळी फळ्या उचकटलेल्या आणि भुसा अंगणभर फेकलेला दिसला. बर्फात तिचा मुलगा रोदिऑन याच्या गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या. आईने शहरात यावे म्हणून तो कधीचा मागे लागला होता. मी ठाण्याला कळवले. शिपाई आला, तेव्हा ती म्हणाली, "उंदीर झाले होते. मीच काढला." तिला फावडे उचलवत नाही.

शिपाई गेल्यावर मी म्हणालो, "अगं, खोटं कशाला बोललीस?"

"पोरगा माझा आहे, लुकिच. तू गप्प बस."

"मग पुन्हा भरतो."

"नको. तो पुन्हा काढेल."

घरातल्या बादलीतले पाणी गोठू लागले. त्यानंतरच्या रविवारी रोदिऑन तिला घेऊन गेला. मांजर तिने माझ्याकडे दिले.

मी बंद घराशी फावडे घेऊन फिरतो, अशी रोदिऑनची तक्रार आहे. ती खरी आहे. ती गेल्यावर फळ्या मी पुन्हा ठोकल्या, भुसा मी पुन्हा भरला. फोनवर तो म्हणाला, "काका, आत कुणी नाही. ऊब कुणासाठी धरून ठेवताय?" मी फोन ठेवला.

वसंतात हा भुसा काढावा लागतो, नाहीतर ओल धरून नवा ओंडकाही कुजेल. तिचा पत्ता रोदिऑन देत नाही. म्हणून या जबाबाची नक्कल तिला पोचवावी, ही विनंती. येगोरोव्ना, मांजर नीट खाते. भुसा काढू की राहू दे, एवढे तरी लवकर लिहून कळव.

लेफ्टनंटसाहेबांनी हे मला मोठ्याने वाचून दाखवले. गुडघ्यांपासून भुशापर्यंत सगळे मी सांगितले तसेच आहे.

सही: प्रो. लु. झाबोलोत्नी