काकूंची उजळणी

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपला नंबर यायची वाट बघत होत्या. समोरच्या बाकावर खाकी शर्टातले ड्रायव्हरकाका बायकोला दिसू नये असा कागद छातीशी धरून तिची उजळणी घेत होते.

"‘गिव्ह’ला ‘अप’ लागलं की?"

"वर देणं."

"अगं, हार मानणं! ‘पुट’ला ‘ऑफ’?"

"पुढे ढकलणं. हे येतं हो मला."

"येणारच. तीन वर्षं परीक्षेचं तेच चाललंय. ‘लुक’ला ‘आफ्टर’?"

"मागून बघणं."

"कपाळ माझं! काळजी घेणं! पाळणाघरात दिवसभर वीस पोरं सांभाळतेस आणि हेच चुकवतेस? उद्या पास झालीस तर बालवाडीच्या बाई होशील."

"मग तुम्हीच बसा परीक्षेला. एवढे हुशार!"

"मी कसला हुशार? कागदावरचं वाचतोय नुसतं."

आतून नर्स आली. "काका, थेंब टाकून अर्धा तास झाला. जवळचं काही दिसतंय का?"

"छे हो! एक अक्षर लागत नाही. सगळं धुकं."

काकूंनी त्यांच्या हातातला कागद ओढून बघितला. तो उलटा धरलेला होता.

"अहो, कधी पाठ केलंत हे सगळं?"

"सिग्नलला गाडी थांबली की, एकेक."

काकूंनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

"उठा आता. हात द्या इकडे, पुढे पायरी आहे."